दुर्बिणीच्या कड्या

परवा हॅनोव्हरला चष्म्याच्या दुकानात गेले होते. चष्म्याची डावी काडी सैल होऊन कानावरून सारखी घसरत होती. काउंटरमागच्या मुलीने चष्मा घेतला, मखमलीच्या तुकड्यावर उलटा ठेवला आणि काचा पुसायला स्पिरिटची बाटली उघडली. तो थंड, क्षणभर नाकाला झोंबून लगेच विरून जाणारा वास आला. तिने तिळाएवढा स्क्रू फिरवला, काडी दोनदा उघडमीट करून पाहिली आणि हसून विचारलं, "बिजागरीत तेलाचा एक थेंब सोडू का? हलकी चालेल." मी "नको!" म्हणाले, ते इतक्या जोरात की शेजारी फ्रेम निवडणाऱ्या बाईंनी वळून पाहिलं. मुलगी ओशाळली. मी तिची क्षमा मागितली आणि बाहेर पडले. ट्राममध्ये येऊन बसले. जी गोष्ट तुमच्या आईला फोनवर सांगायची म्हणून मी दर रविवारी तयारी करते आणि दर रविवारी हवापाण्यावर बोलून फोन ठेवते, ती आता लिहूनच काढायची, हे मी तिथेच ठरवलं.

तेव्हा बाळांनो, हे तुम्हा दोघांसाठी, तिकडे मेलबर्नला. मराठीत लिहिते आहे. तुम्हाला इंग्रजी सोपं गेलं असतं, आणि मलाही. मी शिकले इंग्रजी शाळेत, आणि पुढे तीस वर्षं इथल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी केल्या, त्याही इंग्रजीत आणि जर्मनमध्ये. पण त्या भाषांत मी फार नीटनेटकी लिहिते. त्या भाषांत मला स्वतःच्याच मागे लपता येतं. मराठीत ते जमत नाही. तुमची आई वाचून दाखवील. तिला मी रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर बाराखडी शिकवली, पण जोडाक्षरांना ती अजून अडखळते, तर हसू नका. आणि मधेच कुठे ती थांबली, तर लगेच "पुढे काय?" म्हणू नका. तिला थांबू द्या. ही गोष्ट तिचीसुद्धा आहे.

तुमचे आजोबा शिकार करत, हे मी आमच्या रत्नागिरीच्या नातेवाइकांना कितीतरी वर्षं सांगितलंच नव्हतं. ज्यांच्या घरात अंडं आणायचं तरी कागदात गुंडाळून, मागच्या दाराने, त्या घरातला मुलगा जर्मनीत जाऊन बंदूक घेतो, हे कोणाला पटणार? मलाही पटलं नव्हतं. पण ते कसं घडलं ते समजून घ्यायला हवं. आम्ही शहर सोडून या गावात घर घेतलं तेव्हा गावात परदेशी असे आम्हीच. लोक वाईट नव्हते. रस्त्यात भेटले की मान हलवत, बर्फ पडला की आमच्याही दारासमोरचा झाडून देत. पण दहा वर्षांत कोणी "बसा" म्हटलं नाही. मग एका हिवाळ्यात रानडुकरांनी सगळ्यांच्या बागा उकरल्या, आमचीही. कुंपणापलीकडच्या शेजाऱ्यांनी, ते वनखात्यात होते, आजोबांना आपल्याबरोबर मचाणावर नेलं. आजोबा पहाटे गेले आणि दुपारी परतले ते वेगळाच चेहरा घेऊन. डुक्कर दिसलंच नव्हतं. चार तास ते दोघे न बोलता बसून होते. "चार तास," मला म्हणाले, "आणि त्याने एकदाही विचारलं नाही की तुमच्या देशात हे कसं असतं, ते कसं असतं. नुसतं बसलो. बरं वाटलं गं."

मग ते पन्नाशीत शिकारीच्या परीक्षेला बसले. इथे तो परवाना फार अवघड असतो. झाडं, पानं, पाऊलखुणा, जनावरांचे आजार, कायदा, सगळं पाठ करावं लागतं. मी त्यांच्यासाठी कार्डं बनवली, ग्रंथालयातल्यासारखी, अक्षरानुक्रमे. स्वयंपाक करता करता प्रश्न विचारायची. ते पास झाले आणि गावाची दारं उघडली. शिकाऱ्यांच्या मंडळात त्यांना खुर्ची मिळाली, कुणाच्या मुलीच्या लग्नाला बोलावणं आलं, बेकरीतली बाई नावाने हाक मारू लागली. मारण्याची हौस त्यांना कधीच नव्हती. वर्षाकाठी दोन-तीन जनावरं, मंडळाने ठरवून दिलेली, तेवढीच. इथे एक रीत आहे. जनावर पडलं की शिकारी एक हिरवी डहाळी तोडून त्याच्या तोंडात ठेवतो. तिला शेवटचा घास म्हणतात. आजोबा ती ठेवून टोपी काढत आणि हात जोडत. पहिल्यांदा बाकीचे शिकारी बघत राहिले. पुढे पुढे आजोबा हात जोडेपर्यंत तेही टोप्या हातात धरून थांबू लागले. हे मला शेजाऱ्यांनी सांगितलं; आजोबांनी स्वतः कधी सांगितलं नाही.

माझा विरोध निवळला होता, पण त्यांची पंचाहत्तरी जवळ आली तशी माझी भीती वाढली. आदल्या हिवाळ्यात मचाणाच्या शिडीवर दव गोठलं होतं, त्यावरून ते घसरले आणि बरगडीला चीर गेली. एक तास एकटे पडून होते. तेव्हापासून ते पहाटे दार ओढून गेले की मी स्वयंपाकघरातल्या घड्याळासमोर बसायची. बोलायची नाही. बोलून उपयोग नसे. "अहो, पुरे आता," म्हटलं की हसून, इथल्या लोकांसारखं, म्हणत, "आल्झो, म्हणजे बरं तर, तुझी परवानगी घेऊनच पडेन पुढच्या वेळी."

पंचाहत्तरीला तुमच्या आईने तिकडून दुर्बीण पाठवली. बंदुकीवर बसवायची. त्यांची जुनी दुर्बीण अंधुक झाली होती, झुंजुमुंजू उजेडात तिच्यातून धड काही दिसत नसे. ही नवी मोठ्या काचेची, आत बारीक लाल ठिपका पेटणारी. खोका उघडल्यावर ते लहान मुलासारखे खिडकीशी जाऊन तिच्यातून चर्चचा कळस बघत बसले. "कावळा आहे कळसावर. त्याची चोच दिसते, अगं, चोच!" मला त्यांचा आनंद बघवेना, खरं सांगते. मला वाटलं, ही आणखी पाच वर्षांची शिडी झाली.

बंदुकीवर दुर्बीण दुकानातही बसवून मिळते, पण ते इंजिनियर. स्वतःच्या हाताने करण्यासारखं काम दुसऱ्याला देणं त्यांना अपमान वाटायचा. वाढदिवसाच्या दिवशीच सकाळी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली. हत्यारांची मांडणी अशी की डॉक्टरांनी यावं आणि ऑपरेशन सुरू करावं. दुर्बीण धरणाऱ्या दोन कड्या असतात, प्रत्येकीचे दोन अर्धे, आणि ते आवळणारे आठ छोटे स्क्रू. ते सगळं त्यांनी स्पिरिटने पुसून पांढऱ्या रुमालावर ओळीने वाळत ठेवलं. बंदूक अजून लोखंडी कपाटातच होती; त्या कपाटाच्या कुलपाचा आकडा कायद्याने मलाही माहीत असायचा नव्हता आणि त्यांनी तो मला कधी सांगितला नाही. तेवढ्यात फोन वाजला. तुमची आई. तुम्ही दोघे मागून "हॅपी बर्थडे आजोबा" ओरडत होतात, ते मला टेबलापर्यंत ऐकू आलं. ते फोन घेऊन बाहेरच्या खोलीत गेले.

आणि मी रुमालासमोर बसले होते.

मी कुठे वाढले ते इथे सांगायला हवं. रत्नागिरीला आमचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. तिथल्या हवेत मीठ असतं. कात्री दोन दिवस वापरली नाही तर तिच्यावर तांबूस पूड चढते, कडीकोयंडे पावसाळ्यात आवळून बसतात, सायकलची साखळी महिन्यात खडखडते. माझ्या आईचा दर शनिवारचा नेम होता. शिलाई मशीनच्या तेलाची ती लांब चोचीची डबी घेऊन ती घरभर फिरे आणि लोखंडाच्या प्रत्येक वस्तूला एक थेंब देई. विळी, कात्री, बिजागऱ्या, कुलपं. तेल बोटावर घेऊन असं पुसून काढायचं की डोळ्यांना दिसू नये पण लोखंडाला कळावं. मी ती सवय इथपर्यंत आणली. इथे हवा कोरडी, लोखंड वर्षानुवर्षं तसंच राहतं, पण माझा शनिवार चुकला नाही. आजोबा चेष्टा करत, "तुझ्या आईला समुद्र दिला होता, तुला कोणी दिला?" तर त्या सकाळी ते आठ स्क्रू आणि कड्यांचे चार अर्धे रुमालावर कोरडे ठणठणीत, उघडे पडलेले मी पाहिले, आणि माझा हात ड्रॉवरकडे गेला. विचार केला नाही. खरंच केला नाही. प्रत्येक कडीला आतून एक थेंब, स्क्रूंच्या आट्यांना बोट, आणि मग कापडाने पुसून होते तसे ओळीने ठेवले. डबी ड्रॉवरमध्ये. इतकंच. ते परत आले तेव्हा मी चहा गाळत होते.

बाकीचं काम आम्ही दोघांनी केलं. त्यांनी बंदूक आणली, बार उडवणारा बोल्ट काढून खिशात घातला, मग मला जवळ येऊ दिलं. दुर्बिणीतली उभी रेषा अगदी उभी यावी म्हणून बाहेर ओळंबा टांगायचा असतो. ओळंब्याला वजन हवं. मी खलबत्त्यातला पितळी बत्ता दोरीला बांधला आणि सफरचंदाच्या फांदीला लटकवला. कुंपणापलीकडून शेजारी डोकावले. "आज भारतात कुठला सण आहे?"

"गेनाऊ! अगदी बरोबर!" आजोबा खिडकीतून ओरडले. "बत्तापूजन. दर पंचाहत्तर वर्षांनी येतो!"

ते बिचारे खरं मानून घरात गेले आणि बायकोला बोलावून घेऊन आले. आम्ही हसत बसलो. ते हसणं मी रोज ऐकते.

मग त्यांनी मला पाणसळीसमोर उभं केलं. बंदूक सरळ आहे की नाही ते पाणसळीतला बुडबुडा सांगतो, आणि बुडबुडा मी त्यांना सांगायचा. "डावीकडे... किंचित... आला मधे, हलू नका." दस्ता खांद्याला लावून ते डोळे मिटत आणि मग उघडत, उघडल्याबरोबर पूर्ण गोल चित्र दिसलं पाहिजे, कडेला काळी कोर येता कामा नये. दुर्बीण डोळ्यापासून चार बोटं लांब हवी, नाहीतर बार उडाल्यावर ती मागे येऊन भुवई फोडते. हे सगळं ते मला समजावत होते, मी काही परवाना काढणार नव्हते, तरी. मग स्क्रू. एक इकडचा, एक तिकडचा, थोडा थोडा, ठरावीक जोर आला की टक् वाजणाऱ्या पान्याने. पाचव्या की सहाव्या टक् नंतर ते सहज म्हणाले, "सगळी गंमत कोरडेपणाची आहे बघ. कडीत तेलाचा पदर जरी राहिला ना, तर दर बाराला दुर्बीण केसभर पुढे सरकते. दोन-चार बार बरोबर लागतात. मग कधी दगा देईल सांगता येत नाही."

बुडबुड्यावर माझी नजर होती. मी म्हणाले, "मधेच आहे."

का नाही बोलले? पुष्कळदा विचार केला. एक तर वाटलं, मी पुसून काढलं आहे, पदर कुठला राहतोय. दुसरं, आठातले सहा स्क्रू झाले होते आणि त्यांचा चेहरा इतका समाधानी होता. आणि तिसरं कारण आता लिहिते, कारण ते लिहिण्यासाठीच हे सगळं आहे. इतकी व्यवस्थित बाई म्हणून माझा या घरात लौकिक होता. वस्तू कुठे आहे ते मला विचारायचं, औषधाची वेळ मला विचारायची, कार्डांची चूक मी काढायची. न विचारता त्यांच्या कामात हात घातला आणि ते बिघडवलं, हे मला म्हणवेना. एवढीशी गोष्ट. पण माणूस एवढ्याशाच गोष्टीला अडतं.

पुढच्या आठवड्यात ते चांदमारीच्या मैदानावर नेम बसवून आले. खूश होते. कागद दाखवला, तीन भोकं एका नाण्याखाली झाकतील अशी. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि ती गोष्ट मनातून काढून टाकली.

मे महिन्यात, हरणांचा मोसम उघडल्यावर, ते पहाटे गेले. इथलं हरीण लहान चणीचं, शेळीएवढं. आजोबा एरवी नऊपर्यंत येत. त्या दिवशी बारा वाजले. मी घड्याळासमोर. मग दाराशी गाडी थांबली. ते आत आले, बूट काढायच्या बाकावर बसले, आणि बूट काढलेच नाहीत. मी जवळ गेले. चेहरा राखेसारखा होता.

"गोळी मागे लागली," म्हणाले. "पोटात. सत्तर मीटरवर, उभं होतं गं, आडवं, स्वच्छ. आणि मागे लागली. पळालं."

शेजाऱ्यांचा कुत्रा घेऊन दोघांनी माग काढला होता. तीन तास. रक्ताचे थेंब, मग थेंबही नाहीत, मग ओढ्याच्या काठी लव्हाळ्यांत ते सापडलं, जिवंत. डोकं वर करून बघत होतं, म्हणाले. त्यांचे हात चालेनात. शेवट शेजाऱ्यांनी केला. डहाळीही शेजाऱ्यांनीच ठेवली. "मी ठेवूच शकलो नाही. कुठल्या तोंडाने ठेवू?" पंचवीस वर्षांत त्यांच्या हातून जनावर असं कधी गेलं नव्हतं.

मी पाणी दिलं. पेला त्यांनी बाकावर ठेवला. मग मान वर करून मला विचारलं. हे मी जसंच्या तसं लिहिते.

"दुर्बीण हलली असेल का गं?"

बाळांनो, मला सगळं एकदम आठवलं. रुमाल, डबी, बोट, टक् टक् वाजणारा पाना. तोंड उघडलं तेव्हा मी खरंच सांगणार होते, असं मला अजून वाटतं. पण समोर ते होते, पंचाहत्तर वर्षांचे, चिखलाने भरलेले, आणि माझ्या मनात शिडी उभी राहिली. दवाने गोठलेली. आणि मला दिसलं की ते आता या क्षणी, एका वाक्याने, कायमचे घरी राहू शकतात.

मी म्हणाले, "दुर्बीण कशी हलेल? तुम्ही स्वतः बसवलीत. अहो, डोळे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. मान्य करा ना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. वाद घातला नाही. एवढ्या वर्षांत मी त्यांना चुकीची तारीख सांगितली नव्हती, चुकीचं औषध दिलं नव्हतं. माझ्या शब्दावर त्यांनी शंका का घ्यावी?

बंदूक कपाटात गेली ती गेलीच. मंडळाच्या बैठकीला एकदा गेले, परत आल्यावर म्हणाले, सगळे फार चांगलं वागले. त्यातच मला काय ते कळलं. पुन्हा गेले नाहीत. मग उन्हाळ्यात तुम्ही आलात. आजोबांनी तुम्हाला मचाणावर न्यायचं कबूल केलं होतं, त्याबद्दल तुम्ही विमानातून उतरल्यापासून विचारत होतात, आणि ते म्हणाले, "आजोबांचे डोळे म्हातारे झाले रे." धाकट्या, तुला आठवतं का बघ. बागेत तू चेंडू लाथाडलास, तो गोलात न जाता माझ्या डेलियांत घुसला आणि तू मोठ्याने हसून म्हणालास, "आजोबांसारखा नेम!" तुझा काही दोष नाही, सगळे हसले, तेही हसले. मग ते उठून आत गेले आणि संध्याकाळच्या जेवणापर्यंत बाहेर आले नाहीत. तुमच्या आईने त्यांच्या खोलीकडे पाहिलं आणि भांडी पुसता पुसता मला हळूच म्हणाली, जर्मनमध्ये, ती मनातलं नेहमी जर्मनमध्येच बोलते, "मी ती दुर्बीण पाठवायलाच नको होती. बाबांना नीट दिसत नाही हे मला कळायला हवं होतं. मी त्यांना त्या जंगलात ढकललं." मी ताटली तिच्या हातातून घेतली आणि कपाटात ठेवली. तिसऱ्यांदा गप्प राहिले.

चौथी वेळही आली. शरद ऋतूत मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम. मोतीबिंदूची जराशी सुरुवात, आणखी काही वर्षं काळजी नको. परत येताना ते गाडीत म्हणाले, "भिडेखातर बोलतात बिचारे. म्हाताऱ्याला काय सांगायचं." आणि मी गाडी चालवत राहिले. मला ते घरी हवे होते. घरी मिळाले. सकाळी उठून खिडकीत बसत, तिथूनच वनाची कड दिसते. आधी वर्तमानपत्र वाचायचे, मग ते नुसतं मांडीवर असायचं. गाडी चालवणं सोडलं, डोळ्यांमुळे. गणपतीच्या आरासीचे कागद कापायचे ते सोडलं, डोळ्यांमुळे. बेकरीत जाईनासे झाले. मी त्यांच्या एका अवयवावरचा विश्वास काढून घेतला होता, आणि मग ते एकेक करून सगळंच काढून ठेवू लागले. शिडीवरून पडून ते गेले नाहीत. फेब्रुवारीत खुर्चीत बसल्या बसल्या गेले, साध्या न्यूमोनियाने, ज्यातून उठायची त्यांना काही घाई नव्हती.

शस्त्रांच्या कचेरीतून पत्र आलं की बंदूक परवाना असलेल्या माणसाकडे सोपवावी. शेजाऱ्यांनीच ती घ्यायची ठरली. कपाटाचा आकडा आजोबांनी बंद पाकिटात त्यांच्याकडेच ठेवला होता. ते आले, कपाट उघडलं, बंदूक तपासली आणि माझ्या टेबलावर दुर्बीण उतरवायला बसले, कारण ती तुमच्या आईला परत पाठवायची होती. वरची कडी निघाली तेव्हा ते थांबले. अंगठ्याने आतून पुसलं आणि अंगठा उजेडात धरला. मग दुर्बिणीच्या नळीवर बोट ठेवून मला दाखवलं. काळ्या रंगावर एक चकचकीत ओरखडा होता, तांदळाच्या दाण्याएवढा. कडी जिथून सरकत आली तिथला.

"तेल," ते म्हणाले. "त्याने तेल लावलं? तो?"

"मी लावलं," मी म्हणाले. आणि मग सगळं सांगितलं. टेबलाच्या त्या बाजूला बसलेल्या माणसाला, ज्याने ओढ्याकाठी ते जनावर संपवलं होतं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग अंगठ्यावरचं तेल कापडाला पुसलं.

"त्या दिवशी माग काढून परत येताना," ते म्हणाले, "तो मला म्हणाला होता, उद्या मैदानावर जाऊन दुर्बीण तपासू. मी म्हटलं, हो, मी येतो बरोबर. दुसऱ्या दिवशी मी गाडी काढली आणि हाक मारली. तो म्हणाला, नको. घरी बोलणं झालं. डोळेच आहेत."

त्यांनी कड्या एका पिशवीत घातल्या, बंदूक घेतली, आणि दारात थांबून म्हणाले, "तुला काय म्हणावं ते मला कळत नाही." एवढ्या वर्षांत कॉफी न घेता ते पहिल्यांदा गेले. आता कुंपणाशी दिसले तर हात करतात. थांबत नाहीत. ते बरोबरच आहे.

तर हे असं आहे. मुली, तू हे मोठ्याने वाचत असशील तर इथे ऐक. तुझी दुर्बीण चांगली होती. त्यांना तिच्यातून कळसावरच्या कावळ्याची चोच दिसली होती आणि त्यांनी ती मला दोनदा सांगितली. तू त्यांना कुठेही ढकललं नाहीस. माझ्यावर रागाव. जितका वेळ लागेल तितका वेळ रागाव. रविवारी फोन आला नाही तर मी समजून घेईन, आणि आला तर या वेळी हवापाण्यावर बोलणार नाही.

आणि बाळांनो, माणूस गेला की त्याच्याबद्दल घरात फार तर चार वाक्यं उरतात. माझ्या आजोबांबद्दल माझ्याकडे तीनच आहेत, आणि ती खरी आहेत का ते विचारायला आता कोणी नाही. तुमच्या मुलांपर्यंत या आजोबांचीही अशीच चार वाक्यं पोचतील. त्यांतलं एक मी रचलेलं आहे. ते तेवढं काढून टाका आणि त्या जागी हे ठेवा, की पंचाहत्तराव्या वर्षीही त्यांना स्वच्छ दिसत होतं आणि त्यांचा हात स्थिर होता. मग त्यांनी जंगलात जाणं का सोडलं, असं कोणी विचारलं, तर माझं नाव सांगा.